गुहेकर

सिनेमा संपतो, पडद्यावर नावं वर सरकू लागतात आणि सभागृहातले निम्मे लोक अंधारातच पायाने चपला चाचपू लागतात. आमच्या पुण्याच्या फिल्म सोसायटीत हा क्षण मोठा नाजूक. दिवे लागायच्या आत दार गाठलं तर माणूस सुटला. दिवे लागले की कार्यवाह माइकवर फुंकर घालून "चर्चेसाठी थांबावं, ही विनंती" म्हणतात आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून एक हात वर येतो. तो हात प्रश्न विचारायला आलेला नसतो.

"मला फक्त एवढंच म्हणायचंय," हात म्हणतो, "की आपण सगळे आत्ता प्लेटोच्या गुहेत बसलो होतो."

मग सिनेमा कुठलाही असो. इराणी असो, हंगेरियन असो. एकदा सभासदांच्या मुलांसाठी चॅप्लिन लावला होता. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. दिवे लागल्यावर त्यांनाही कळलं की ती गुहेत बसली होती, पायांत आणि मानेत साखळ्या होत्या आणि समोर दिसलं ते खरं नव्हतं. एक लहानगी आईला बिलगली ती घरी जाईपर्यंत सुटली नाही.

म्हणून ते गुहेकर. चिपळूणचे ते चिपळूणकर, सातारचे ते सातारकर; हे गृहस्थ गेली तीस वर्षं गुहेत राहतात म्हणून गुहेकर. खरं आडनाव सभासदांच्या वहीत असणार, पण ती वही सांभाळणाऱ्या कार्यवाहांनीच एकदा वर्गणीच्या पावतीवर 'श्री. गुहेकर' असं लिहून दिलं. गुहेकरांनी पावती उजेडात धरली, तपासली, घडी घालून खिशात ठेवली. बँकेत एकतीस वर्षं सह्या पडताळलेला माणूस. त्याच्या नजरेतून चूक निसटणं शक्य नाही. तेव्हा नाव मंजूर झालं असं आम्ही धरून चाललो. तोंडावर मात्र सगळे अप्पाच म्हणतात.

प्लेटोची गुहा माहीत नसलेला माणूस आता आमच्या सोसायटीत उरलेला नाही. चहावाल्या पोऱ्यालाही ती ठाऊक आहे. 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात ती येते. लहानपणापासून जखडलेले कैदी, तोंडं भिंतीकडे. मागे जाळ. जाळ आणि कैदी यांच्या मध्ये एक बुटकी भिंत आणि तिच्या आडून काही लोक पुतळे मिरवत नेतात. त्यांच्या सावल्या समोर पडतात आणि कैदी त्यांनाच जग समजतात. आता अंधार, पाठीमागून येणारा उजेड, समोर हलणाऱ्या सावल्या आणि तिकीट काढून जागेला खिळलेली माणसं म्हणजे काय हे सांगायला तत्त्वज्ञ कशाला हवा? पण एक होता. झाँ-लुई बॉद्री नावाच्या फ्रेंच माणसाने १९७५ साली हे साम्य रीतसर मांडलं. १९७०मध्येच त्याने लिहून ठेवलं होतं की कॅमेरा, प्रोजेक्टर, पडदा ही नुसती यंत्रं नव्हेत. ती ज्या रीतीने माणसाला अंधारात बसवतात त्या रीतीतच एक विचारसरणी आहे. गोष्ट कुठलीही सांगा, बसायची पद्धत तीच. या बॉद्रीवर गुहेकरांचा जीव. काही माणसं देवळात गेली की आधी पायरीला हात लावतात, तसे गुहेकर बॉद्रीला हात लावल्याशिवाय कुठल्याच सिनेमात शिरत नाहीत.

एकदा कुडाळकडचे एक नवे सभासद म्हणाले, "अहो, हे तर आमच्या पिंगुळीचं! ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ असाच करतात. मागे दिवा, मध्ये पडदा, पुढे सावल्या. फक्त आम्ही बघणाऱ्यांना बांधून घालत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे तत्त्वज्ञान निघालं नाही," गुहेकर म्हणाले.

पहिल्या रांगेत विणकाम करत बसणाऱ्या एका आजींनी सुयांवरून नजर न काढता विचारलं, "म्हणजे मायाच ना हो ही? दोरीवर साप दिसतो ती?"

गुहेकरांचा चेहरा पडला. अजून त्यांना देकार्त, कांट आणि हुसर्ल अशी तीन स्टेशनं घ्यायची होती. "आजी," ते काकुळतीने म्हणाले, "इतक्या लवकर नका हो पोचू."

दिसायला गुहेकर तत्त्वज्ञ वाटत नाहीत, लेखापरीक्षक वाटतात. अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. खांद्याला शबनम. तिच्यात पाण्याची बाटली, घडीची छत्री आणि झेरॉक्सचं एक बाड. हे बाड म्हणजे त्यांची इस्टेट. ऐंशीच्या दशकात बँकेतून अर्जित रजा काढून ते चित्रपट रसास्वाद शिबिराला गेले होते. सतीश बहादुर यांनी रुजवलेलं हे शिबिर. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून चालवत. इन्स्टिट्यूट उभी प्रभात स्टुडिओच्या आवारात, तिथल्या आंब्याच्या झाडाला पोरांनी 'विज्डम ट्री' नाव दिलेलं. आंब्याखाली बसून कैरी सोडून बाकी सगळ्याची चर्चा चालते हे बघून गुहेकर पहिल्याच दिवशी विरघळले. बाकीचे शिबिरार्थी सिनेमा शिकून परत गेले. गुहेकरांना तिथे एक वाक्य चावलं. कुणीतरी सहज म्हणालं, "छायाचित्र ही वस्तूची प्रत नव्हे, तिचा ठसा आहे." दिवसभर मूळ सही आणि चेकवरची सही जुळवणाऱ्या माणसाला याहून विषारी वाक्य दुसरं कुठलं? सोमवारी ते कामावर गेले आणि पहिल्याच चेकपाशी वीस मिनिटं थांबले. खिडकीपुढची रांग दारापर्यंत गेली होती म्हणतात.

ते वाक्य आंद्रे बाझँच्या कुळातलं. बाझँने १९४५मध्ये छायाचित्राच्या अस्तित्वावर निबंध लिहिला आणि इजिप्तच्या ममीपासून सुरुवात केली. माणसाला मरणापासून काहीतरी राखून ठेवायचं असतं. आधी देह मसाल्यात घालून ठेवला, मग चित्र काढलं, मग फोटो. लोणच्याचंच तत्त्व, असं मी एकदा म्हणालो तर गुहेकरांनी ते लाल पेनाने टिपून घेतलं. लाल पेन म्हणजे 'अमान्य, पण विचार करण्याजोगे'.

त्यानंतर संग्रहालयाचं ग्रंथालय होतं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. जील देल्यूझचे सिनेमावरचे दोन खंड फ्रेंचमध्ये १९८३ आणि १९८५ साली आले, त्यांचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि गुहेकरांच्या हाती ते झेरॉक्स होऊन पडलं. दुकानातल्या पोराने पुस्तक नीट दाबलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक ओळीची शेवटची अक्षरं गेलेली. देल्यूझ अवघड आहे असं जगभरचे लोक म्हणतात. गुहेकरांचा देल्यूझ उजव्या बाजूने अर्धा इंच जास्त अवघड होता. आणि नवल म्हणजे त्या कापल्या गेलेल्या अर्ध्या इंचात काय असेल याचा विचार करकरून त्यांना तो आमच्यातल्या कुणाहीपेक्षा बरा कळला.

देल्यूझ समजावून सांगायची त्यांची जागा म्हणजे अमृततुल्य. चर्चा संपली तरी गुहेकर संपत नसत. ते आम्हा चारपाच जणांना चहाला नेत. स्वतःसाठी बिनसाखरेचा चहा आणि साखर वेगळी मागत. अमृततुल्यात असं काही मागणं म्हणजे देवळात जाऊन प्रसाद नको, नुसता शिरा द्या म्हणण्यासारखं. तरी तो मालक देई. मग गुहेकर साखर पेल्यात टाकत, आणि ढवळत नसत.

"थांबा," ते म्हणत. "साखर विरघळेपर्यंत थांबावं लागतं. हे जे थांबणं आहे ना, हेच बर्गसाँ सांगतो. घड्याळातला वेळ वेगळा, हा वेगळा. हा आत असतो. हा कापता येत नाही."

"चहा निवतोय, अप्पा."

"निवू दे. तोही काळच."

बर्गसाँची साखर पाण्यातली होती, पेलाही चहाचा नव्हता, पण मुद्दा तोच. आणि इथे गुहेकरांची लाडकी गंमत येई. याच बर्गसाँने १९०७ साली सिनेमावर ठपका ठेवला होता. सिनेमा हलत नाही, तो स्थिर चित्रांची माळ ओवून हलल्याचं सोंग करतो, आणि आपली बुद्धीही अशीच वाहत्या जगाचे तुकडे पाडते, असं त्याचं म्हणणं. शहाण्या माणसाने यावर बर्गसाँला सिनेमाच्या वाटेला नेलं नसतं. देल्यूझने नेमकं उलट केलं. तो म्हणाला, बर्गसाँला स्वतःला कळलं नाही, पण हलणाऱ्या प्रतिमेचा विचार त्यानेच त्याआधी, १८९६च्या पुस्तकात करून ठेवलाय. "म्हणजे बघा," गुहेकर पेला हलवत म्हणत, "ज्याने लग्न मोडायला चिठ्ठी पाठवली, त्यालाच मांडवात अंतरपाट धरायला उभं केलं!" एवढं होईपर्यंत साखर विरघळलेली असे आणि चहा प्यायच्या लायकीचा राहिलेला नसे. गुहेकर तो चवीने पीत.

त्यांच्या दुचाकीलाही तत्त्वज्ञान सुटलेलं नाही. नळ स्टॉपच्या चौकात एकदा त्यांची लुना आणि एक रिक्षा समोरासमोर भिडली. आम्ही धावत गेलो तर गुहेकर रस्त्यात बसून रिक्षावाल्याला आयझेनस्टाइन सांगत होते. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने हेगेल आणि मार्क्स यांच्याकडून घेतलेली गोष्ट साधी आहे: दोन चित्रं शेजारी ठेवली तर बेरीज होत नाही, टक्कर होते, आणि टकरीतून दोन्हींत नसलेली तिसरी गोष्ट निघते. "तुमची रिक्षा हा वाद, माझी लुना हा प्रतिवाद," गुहेकर गुडघा चोळत म्हणत होते. तेवढ्यात वाहतूक हवालदार आले. संवादाची पावती दोघांच्या नावे फाडली गेली.

हे सगळं ऐकून गुहेकर रूक्ष आहेत असा समज होईल. तसं नाही. त्यांना तत्त्वज्ञांची पुस्तकं जितकी आवडतात, त्याहून ते तत्त्वज्ञ सिनेमाला कसे जात हे सांगायला आवडतं. आणि ते सांगताना त्यांचा आवाज पार बदलतो. विट्गेन्स्टाइन केंब्रिजमध्ये शिकवून शिकवून इतका पिळून निघे की तास संपल्यासंपल्या तडक थिएटर गाठी, अगदी पहिल्या रांगेत बसे, म्हणजे पडद्याखेरीज डोळ्यांत काही मावूच नये. बघायचा काय? अमेरिकन घोडेस्वारांचे पट. गंभीर ब्रिटिश चित्र त्याला सोसत नसे. "बघा," गुहेकर म्हणतात, "शतकातलं सगळ्यात धारदार डोकं, आणि त्याला सिनेमात फक्त अंघोळीसारखं बसायचं होतं."

तसाच ह्यूगो म्यून्स्टरबर्ग. हार्वर्डचा मानसशास्त्राचा प्राध्यापक. सिनेमाला जाणं आपल्या पदाला शोभत नाही म्हणून वर्षानुवर्षं गेला नाही. मग एकदा ॲनेट केलरमन या जलतरणपटूचा 'नेपच्यून्स डॉटर' पाहिला आणि असा काही घसरला की १९१६मध्ये सिनेमावर पुस्तकच लिहून मोकळा झाला. क्लोज-अप म्हणजे आपलं अवधान, मागे जाणारं दृश्य म्हणजे आपली स्मृती. मन जे आत करतं ते सिनेमा बाहेर करून दाखवतो, असं त्याने मांडलं. त्याच वर्षी तो वारला. "प्राध्यापक पोहणारीला बघायला गेला," गुहेकर म्हणतात, "आणि कांट घेऊन बाहेर आला." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जे येतं ते लाल पेनाने टिपण्यासारखं नसतं.

पोहणारीवरून आठवलं. फिल्म सोसायट्यांना सभासदांपुरते सेन्सॉरची कात्री न लागलेले सिनेमे दाखवायची मुभा असे, आणि एरवी चाळीस डोकी असणाऱ्या सभागृहात काही युरोपीय चित्रांना उभं राहायला जागा नसायची. विषय अस्तित्ववाद असाच जाहीर झालेला असे. अशाच एका संध्याकाळी दिवे लागल्यावर हात वर आला. पण त्या दिवशी गुहा नव्हती. १९७५ साली 'स्क्रीन' या नियतकालिकात लॉरा मल्वीने लिहिलेला निबंध होता: हॉलिवूडचा कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याने बघतो, पुरुष बघतो आणि बाई बघून घेतली जाते, आणि अंधारात बसलेल्याला त्या बघण्यात फुकटचा वाटा मिळतो. फ्रॉइड आणि लाकाँ यांचीच हत्यारं तिने त्या कॅमेऱ्यावर चालवली होती. गुहेकरांनी हे सगळं अत्यंत शांतपणे, कुणाकडेही न बघता सांगितलं. सभागृहातले पुरुष आपापले बूट न्याहाळत होते. पुढच्या महिन्यात वर्गण्या कमी जमल्या.

"काकूंना का आणत नाही?" आम्ही एकदा विचारलं.

"ती म्हणते, एका घरात एक गुहा पुरे."

काकूंना मी घरी भेटलो होतो. त्या जिन्यावरच्या ट्यूबलाइटखाली तांदूळ निवडत होत्या आणि अप्पा आतल्या खोलीतून मला स्टॅन्ली कॅव्हेल सांगत होते. हार्वर्डचाच हा दुसरा प्राध्यापक. १९८१मध्ये त्याने हॉलिवूडच्या जुन्या विनोदी चित्रांवर पुस्तक लिहिलं. 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये लग्न न झालेली दोघं एका खोलीत रात्र काढतात आणि मध्ये दोरीवर घोंगडी टाकतात. कॅव्हेलला त्या घोंगडीत कांट दिसला: माणसाच्या ज्ञानाला जी सीमा आहे, जिच्या पलीकडचं कळत नाही आणि कळावंसं तर वाटतं, ती सीमा.

"म्हणजे राज-नर्गिसचा 'चोरी चोरी' ज्यावरून काढला तो ना?" बाहेरून काकू म्हणाल्या. "त्यात कांट कशाला? पलीकडे कोण आहे ते दोघांनाही चांगलं माहीत असतं."

अप्पांनी निळं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

गुहेकरांच्या आयुष्यात खरा हादरा बसला तो स्लॅबचा. अमेरिकेत सिनेमाच्याच विषयात पीएच.डी. केलेला एक तरुण सुट्टीवर आला होता. चर्चेत त्याने गुहेकरांचं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी आदराने म्हणाला, "सर, हे सगळं तिकडे मोडीत निघालंय." डेव्हिड बॉर्डवेल नावाच्या अभ्यासकाने सोस्यूर, लाकाँ, अल्थ्यूसर आणि बार्थ या चौघांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्या अख्ख्या विचाराला 'स्लॅब' असं नाव ठेवलंय, नोएल कॅरल या तत्त्वज्ञाला जोडीला घेऊन १९९६मध्ये 'पोस्ट-थिअरी' हा जाडजूड ग्रंथ काढलाय, त्यांचं म्हणणं, सिनेमा कळायला मोठमोठे सिद्धांत वरून ओतायची गरज नाही, एकेक नेमका प्रश्न घ्या, शॉट मोजा, बघणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते तपासा. "थोडक्यात, सर, स्लॅब कोसळला."

सभागृहात शांतता पसरली. गुहेकर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या बिल्डिंगचा स्लॅब बावीस वर्षं गळतोय. आम्ही बादल्या लावतो. पण राहतो तिथेच. डोक्यावर काहीतरी लागतं, बाबा."

तो मुलगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्या रात्री त्याने गुहेकरांबरोबर साखर विरघळेपर्यंत वाट पाहिली.

कुणी छेडलं की हा सगळा पश्चिमेचा माल, आपला काय संबंध, तर गुहेकर भडकतात आणि पुण्याचा नकाशा काढतात. कुमार शहानी इथेच इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, फ्रान्सला जाऊन रोबेर ब्रेसाँच्या हाताखाली काम करून आले, पण त्यांचे दुसरे गुरू दामोदर धर्मानंद कोसंबी, पुण्यातलेच. मणी कौल देल्यूझही वाचत आणि ध्रुपदही शिकत. 'घाशीराम कोतवाल'चा चित्रपट १९७६मध्ये काही तरुणांनी मिळून केला, त्यांत ते होते. "सदाशिव पेठेतल्या माणसाने घाशीरामवर चिडावं, नाना फडणविसांवर बोलावं, इथपर्यंत ठीक," गुहेकर म्हणतात, "पण त्यातला कॅमेरा कुठे उभा आहे यावर एकही माणूस चिडला नाही! याला का चित्रपटसंस्कृती म्हणायची?"

गेल्या वर्षी गुहेकरांचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "लेन्स इंपोर्टेड घालू की इंडियन?"

"फ्रेंच आहे का?" गुहेकरांनी विचारलं.

त्याला कारण होतं. फ्रेंच भाषेत कॅमेऱ्याच्या भिंगाला 'ऑब्जेक्तीफ' म्हणतात, म्हणजे एकाच शब्दात भिंगही आणि वस्तुनिष्ठही. बाझँने त्या ममीच्या निबंधात याच शब्दाकडे बोट दाखवलं होतं. चित्रकाराचा हात मध्ये येतो, भिंगाचा येत नाही. आता ते भिंग अप्पांच्या डोळ्यात बसणार होतं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हलू नका आणि बोलू नका. हे दुसरं पथ्य अप्पांना आयुष्यात प्रथमच कुणी दिलं होतं.

ते महिनाभर आले नाहीत. त्या महिन्यात आम्ही दोन सिनेमे पाहिले. दिवे लागले, कार्यवाहांनी माइकवर फुंकर घातली, तिसऱ्या रांगेची कडेची खुर्ची रिकामी. "छान होता," कुणीतरी म्हणालं. "हो, छान होता," दुसरं कुणीतरी म्हणालं. चार मिनिटांत सभागृह मोकळं झालं. इतकी वर्षं ज्याच्यापासून सुटायला आम्ही अंधारात चपला शोधल्या, तो नव्हता तर चपला पायात असूनही जावंसं वाटेना. चारपाच जण पायऱ्यांवर उगाच रेंगाळलो. अमृततुल्यातही गेलो. साखर मालकानेच घालून दिली होती, ढवळून. सिनेमा केव्हाच संपला होता. तोपर्यंत कधी इतक्या लवकर संपला नव्हता.

मग आला जपानी दिग्दर्शक ओझूचा 'लेट स्प्रिंग'. १९४९चा. गुहेकरांचा हा हुकमी सिनेमा. त्यातल्या फुलदाणीवर ते तीस वर्षं बोलत आले आहेत. विधुर बाप आणि लग्न ठरलेली मुलगी क्योटोला शेवटची एकत्र सहल करायला आलेत. रात्र. दोघं शेजारी अंथरुणावर. मुलगी काहीतरी बोलते, बापाचा डोळा लागलेला. ती किंचित हसते. मग पडद्यावर एक फुलदाणी. मग पुन्हा ती मुलगी, आता डोळे भरून आलेले. मग पुन्हा फुलदाणी. बस. एवढ्या दोन शॉटवर केवढी शाई सांडलीय! पुढे 'टॅक्सी ड्रायव्हर' लिहिणाऱ्या पॉल श्रेडरला १९७२मध्ये तिच्यात पारलौकिक स्तब्धता दिसली. देल्यूझ म्हणाला, हाच शुद्ध काळ. सगळं बदलतं ते ज्यात बदलतं ते स्वतः बदलत नाही, ती फुलदाणी. बॉर्डवेलला वाटलं, काही नाही, ओझूची खोड. ती मुलगी फुलदाणीकडे बघतेय की छताकडे, यावरही भांडण आहे.

अप्पांना रात्री लुना चालवायची मनाई होती, म्हणून काकू रिक्षातून सोडायला आल्या आणि पाऊस लागल्याने आत बसल्या. मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होतो. प्रत नवी, दुरुस्त केलेली, लखलखीत. अप्पांचा डोळाही. फुलदाणी आली आणि अप्पा खुर्चीत एकदम पुढे सरकले.

"मागे बघ," ते कुजबुजले. "तिच्यामागे. कागदी खिडकीवर. सावल्या आहेत."

होत्या. बाहेरच्या झाडीच्या सावल्या फुलदाणीमागे पडलेल्या. आम्हाला पहिल्यापासून दिसत होत्या. तीस वर्षं सावल्यांवर बोलणाऱ्या माणसाला त्या दिसलेल्या नाहीत हे मात्र आम्हाला दिसलं नव्हतं.

दिवे लागले. कार्यवाहांनी विनंती केली. एकही माणूस चपलेकडे गेला नाही. सगळे तिसऱ्या रांगेकडे बघत होते. हात वर आला नाही. अप्पा नवा डोळा पुसत बसले होते. थेंब घालायची वेळ झाली होती, असं ते नंतर म्हणाले.

शेवटी काकूच हळू आवाजात, कुणाला उद्देशून नव्हे अशा बोलल्या, "बाप घोरत होता हो तिचा."

खरंच घोरत होता. फुलदाणीच्या शॉटमागे ते ऐकू येतं. पारलौकिक स्तब्धतेत, शुद्ध काळात, एक म्हातारा घोरत होता.

"माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री आमचे बाबाही घोरत होते," काकू म्हणाल्या. "सगळं घर झोपलेलं. कोपऱ्यात शिवणाचं मशीन होतं. मी काही त्याच्याकडे बघत नव्हते. पण झोप येत नसली की खोलीतली एखादी वस्तू जागी राहते आपल्याबरोबर. बाकी काय?"

विणणाऱ्या आजींच्या सुया थांबल्या. अप्पांनी शबनममधून बाड काढलं, कोरं पान शोधलं आणि निळ्या पेनाने काहीतरी लिहिलं. बाहेर येऊन त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली, काकूंना आधी बसवलं आणि चहाला न येताच गेले.

पुढच्या महिन्यात सिनेमा कुठलासा पोलिश होता. दिवे लागले आणि हात वर आला. आम्ही सुखावून मागे रेललो.

"मला फक्त एवढंच म्हणायचंय," गुहेकर म्हणाले, "की गुहेबद्दल आपण पुन्हा विचार केला पाहिजे. पडद्यावरच्या वस्तू आपल्याला फसवायला तिथे असतात, असं प्लेटोपासून बॉद्रीपर्यंत सगळे धरून चालले. परंतु एका अभ्यासिकेच्या मते त्या वस्तू आपल्याबरोबर जाग्या राहिलेल्या असतात."

कार्यवाहांनी वही सरसावली. "कोण या अभ्यासिका? कुठे वाचायला मिळेल?"

गुहेकरांनी क्षणभर शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे काकू नव्हत्या. नुसती छत्री होती.

"अजून प्रसिद्ध झालेलं नाही," ते म्हणाले. "मी सध्या हस्तलिखितावरून वाचतोय."